हात न लावता रोबोटिक्स

कोणतीही वस्तू जोवर कुणी वापरत नाही, तोवरच ती चांगली राहते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर मी या निष्कर्षाला आलो आहे. बदलापूर पूर्वेला, शिरगावात, आमच्या मुलांची जी शाळा आहे तिथे पहिली ते चौथीसाठी रोबोटिक्स क्लब निघाला, तेव्हा त्याच्या सात जणांच्या समितीचा चिटणीस म्हणून पालकांनी एकमताने माझं नाव सुचवलं ते या अनुभवामुळेच. (शाळेचं नाव देत नाही. आम्हाला प्रसिद्धीचा मोह नाही, आणि मुख्याध्यापिकांची परवानगीही नाही.)

क्लब काढण्यामागे शास्त्रीय कारण होतं. जूनमध्ये पश्चिमेला बेलवलीतल्या एका शाळेने फाटकावर फ्लेक्स लावला : 'आमच्याकडे रोबोटिक्स आहे.' दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे पालकसभा भरली. एकसष्ट पालक हजर होते. त्यांपैकी 'रोबोटिक्स म्हणजे नक्की काय?' असं विचारणारे दोन, आणि 'पुढे खूप स्कोप आहे' असं उत्तर देणारे एकोणसाठ. ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. मुलांनाही विचारावं अशी एक सूचना आली होती, पण मुलं त्या वेळी वर्गात असल्यामुळे ती बारगळली.

मार्गदर्शक म्हणून पी.टी.चे प्रज्वल सर नेमले गेले. त्यांची पात्रता वादातीत आहे : शनिवारी तिसऱ्या तासाला ते मोकळे असतात.

रोबोट आणायला सर आणि मी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात गेलो. तिथे चंदूशेठचं दुकान आहे. शाळेत द्यायचे प्रकल्प त्यांच्याकडे तयार मिळतात : ज्वालामुखी, पवनचक्की, मानवी हृदय (साधं किंवा धडधडणारं). रोबोट दोन प्रकारांत होता. एक खोक्यात सुट्या भागांचा, मुलांनी जोडायचा. दुसरा जोडलेला. आम्ही सुटा हातात घेऊन बघतोय हे पाहून चंदूशेठ कळवळले.

"साईं, बच्चा लोग बनाएगा तो टूटेगा. तैयार ले जाओ. बच्चे को बाजू में खडा करो, फोटो निकालो, काम खतम."

शिक्षणाविषयी इतकी स्वच्छ भूमिका मी याआधी कुणाकडूनच ऐकली नव्हती. आम्ही तयार घेतला.

रोबोट वीतभर लांब, चार चाकांचा, पाठीवर एक लाल बटण, पुढे दोन गोल डोळे. बटण दाबलं की तो सरळ चालतो आणि डोळ्यांसमोर काही आलं की मागे वळतो. एवढंच त्याचं काम, पण सहा ते दहा वयाच्या मुलांना सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. शाळेत आणल्यावर तो ताबडतोब लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली शाळेच्या मावशींकडे, म्हणजे गोजरबाईंकडे दिली. नियमावली मी स्वतः तयार केली :

१. रोबोटला हात लावू नये.
२. लावायचाच झाल्यास आधी हात स्वच्छ धुवावेत व नियम क्रमांक एक पुन्हा वाचावा.
३. रोबोटविषयी शंका असल्यास वहीत लिहून ठेवावी. वह्या वार्षिक परीक्षेनंतर तपासल्या जातील.
४. रोबोटसोबत सेल्फी काढताना पालकांनी ढकलाढकली करू नये.

चाळीस मुलांनी नावं घातली आणि क्लब जोरात सुरू झाला. पहिल्या शनिवारी मुलांनी रोबोटची माहिती दहा वेळा लिहिली : 'समोर अडथळा दिसला की रोबोट मागे वळतो.' दुसऱ्या शनिवारी तीच पाठ म्हणून दाखवली. तिसऱ्या शनिवारी रोबोटचं चित्र काढलं (फळ्यावरून; आठवणीतून नव्हे, कारण आठवण यायला आधी पाहावा लागतो). चौथ्या शनिवारी वीस गुणांची चाचणी झाली.

चाचणीत 'रोबोट कुठे आढळतो?' असा प्रश्न होता. अपेक्षित उत्तर : कारखाने, रुग्णालये, अंतराळ. तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, 'कपाटात.' सरांनी शून्य दिलं. ही मुलगी म्हणजे राजसी, माझीच. मी सरांना निकाल बदलू नका म्हणून बजावलं. चिटणिसाच्या घरात सवलत दिली तर बाकीच्यांना काय सांगणार?

राजसीची मागणी तशी फार नव्हती. तिला ते लाल बटण एकदा दाबायचं होतं. दर शनिवारी घरी आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "पप्पा, मी कधी चालू करू त्याला?" मी सांगायचो, उद्घाटन होऊ दे. ती मान हलवायची आणि कॅलेंडर बघायला जायची. आमच्या सौ. किर्ती म्हणायच्या, "अहो, एकदा दाबू द्या ना तिला, काय बिघडतंय?" बिघडतं म्हणजे काय असतं, हे स्टोअर न सांभाळलेल्या माणसाला समजावणं कठीण आहे.

गोजरबाईंनीही एकदा मला जिन्यात गाठलं. "ओ सेक्रेटरी, तुमची पोर रोज कपाटाच्या फटीला डोळा लावून बसते. एकदा दाखवा की तिला. झिजतंय का तं?"

"मावशी, तुम्ही फक्त किल्ली सांभाळा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नियमावलीत बसत नव्हती.

उद्घाटन खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी आमच्या कारखान्यात झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथ असो की वजनकाटा, हळदकुंकू लागतं, हार पडतो. रोबोट हेही यंत्रच, तेव्हा त्याला वगळणं बरोबर दिसलं नसतं. प्रमुख पाहुणे भावी नगरसेवक जितेशभाऊ (हे गेली सात वर्षं भावी आहेत). कार्यक्रम असा की मुख्याध्यापिका संजीवनी बाईंनी बटण दाबायचं आणि रोबोटने पाठीवर गुलाब घेऊन स्टेजवरून भाऊंपर्यंत चालत जायचं. राजसीला मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिने सकाळी स्वतःहून दोनदा हात धुतले होते.

पूजा यथासांग झाली. पाच सुवासिनींनी कुंकू लावलं, नारळ फुटला, आणि झेंडूचा चांगला जाड हार रोबोटला घातला. हार मोठा होता, त्यामुळे तो पुढून ऐसपैस लोंबत होता. बाईंनी बटण दाबलं. रोबोट जागच्या जागी थरथरला, वळला, आणि प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करून पडद्याकडे निघाला. उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा पाठ. तिसऱ्यांदाही तेच.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. भाऊंचा एक कार्यकर्ता म्हणाला, "हा समोरच्या पार्टीचा दिसतोय." प्रज्वल सरांनी जोरात शिट्टी वाजवली. एका पालकांनी मुहूर्ताबद्दल शंका काढली, दुसऱ्यांनी दृष्ट काढायला मीठ मागवलं. मी चंदूशेठना फोन लावला.

"किसी बच्चे ने हाथ लगाया क्या?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"फिर बॅटरी होगी."

इतक्यात राजसी उभी राहिली. "पप्पा, त्याला हार म्हणजे अडथळा वाटतोय. तो समोरच लटकतोय ना."

मी तिला खाली बसायला सांगितलं. पूजेत घातलेला हार संध्याकाळच्या आधी काढत नाहीत, हे लहान मुलालाही माहीत असतं. तरी कुणी जाणत्याने काढला तर चालेल का, यावर समितीत चर्चा सुरू झाली. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन करावा असं ठरत होतं. तेवढ्यात राजसी स्टेजवर चढली, तिने हार उचलला, हात मोकळे हवेत म्हणून स्वतःच्याच गळ्यात घातला, रोबोट सरळ केला आणि लाल बटण दाबलं.

रोबोट सरळ गेला. जितेशभाऊंच्या बुटांपासून वीतभर अंतरावर आला, थांबला आणि अदबीने मागे वळला. राजसी मोठ्याने हसली. तिचं असलं हसू मी घरी कधी ऐकलं नव्हतं. मी चिटणीस आहे हे विसरून मी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनी वाजवली. भाऊंना ती आपल्यासाठी वाटली. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "टेन्शन नाय घ्यायचं. फोटो निघाला ना? मग झालं."

फोटो स्थानिक पेपरात आला. त्यात भाऊ, बाई, सर, समितीचे सातही सदस्य आणि रोबोट आहेत. डाव्या कडेला एक लहानसं कोपर दिसतं.

अडथळ्याचं ते वाक्य चाळीसही मुलांना तोंडपाठ होतं. त्याला अर्थही असतो, अशी शंका एकीलाच आली. हा अभ्यासक्रमाचा दोष मानायचा की मुलीचा, यावर सोमवारी समितीची बैठक झाली. सर्वानुमते तो मुलीचा ठरला. नियम क्रमांक एकचा भर सभेत भंग झाला होता. राजसीचं नाव क्लबातून कमी करण्यात आलं. आदेशावर चिटणीस म्हणून माझी सही आहे. सही करताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "पण पप्पा, तो चालला ना?" मी पेपर उघडला.

क्लबाचं पहिलं वर्ष यशस्वी झालं आहे. मुलं एकोणचाळीस, तास अकरा, मोडतोड शून्य. पुढच्या वर्षीसाठी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून दोनशे बारा अर्ज आले. प्रवेशपरीक्षा मुलांची नाही, पालकांची आहे, आणि तिच्यात एकच प्रश्न ठेवला आहे : 'दे इकडे, तुला नाही जमायचं, असं आपण आपल्या मुलाला गेल्या आठवड्यात किती वेळा म्हणालात?' पाच वेळांहून जास्त म्हणणाऱ्यांना थेट प्रवेश आहे. अजून कुणीही नापास झालेलं नाही. आपण आत्ता मनातल्या मनात मोजायला लागला असाल, तर एवढी तसदी घेऊ नका. आपल्या मुलाचं नाव आम्ही यादीत घातलं आहे.