कनकपूरचा मसालेभात

एका जंगलात, म्हणजे जिथं झाडं कमी आणि सत्कार जास्त होतात अशा एका जंगलात, वेणू नावाची तरुण खार राहायची. हे जंगल कुठं आहे ते विचारू नका, मुलांनो. आईबाबांना विचारलंत तर ते विषय बदलतील.

या जंगलात एक मोठा पार होता. त्यावर फक्त कनकपूरला जाऊन आलेल्यांनी बसायचं असा रिवाज होता. कनकपूर म्हणजे समुद्रापलीकडचं, पूर्वेकडचं अफाट शहर. लग्न जमवायचं असो की पाणवठ्याचं भांडण मिटवायचं असो, मत पारावरच्यांचं घ्यायचं. बाकीच्यांनी खाली उभं राहून माना डोलवायच्या.

वेणूला पाराची हौस होती. होतीच, खोटं कशाला सांगू? पण त्याहून मोठी ओढ होती ती कनकपूरच्या नदीची. दर हिवाळ्यात एक धोबी पक्षी जंगलात पाहुणा यायचा. तो सांगायचा, "त्या नदीत होड्यांचाच बाजार भरतो बघ. एका होडीत एक म्हातारी पाणमांजर शेवयांचं गरम सूप विकते. माझा पंख मोडला होता तेव्हा तिनंच मला सांभाळलं. पुन्हा तिकडं जाणं झालं नाही. तू गेलीस तर तिला एवढंच सांग, मी बरा आहे. उडतोय."

"नक्की सांगेन," वेणू म्हणाली.

तिनं बगळोजीरावांच्या सहलीत नाव घातलं. बगळोजीराव मान उंच करून सगळ्यांच्या पुढं चालत, त्यामुळं कुणी हरवत नसे. मात्र सगळे त्या मानेकडंच बघत चालल्यामुळं दुसरं काही दिसतही नसे. बरोबर अस्वल आचारी होता. त्याच्या पोत्यात पोहे, मेतकूट, गोडा मसाला, सगळं भरलेलं होतं. परक्या मुलखात जिभेचे हाल नकोत!

कनकपूरला पहिल्या सकाळी पोहे मिळाले. सहलीतल्या साळुंकीकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगदी घरच्यासारखे हो!"

घरच्यासारखेच हवे होते तर घर काय वाईट होतं, असं वेणूला वाटलं. पण पहिलीच सहल, म्हणून ती गप्प बसली.

मग हत्तीवरच्या बंद काचेच्या अंबारीतून शहर दाखवण्यात आलं. "उजवीकडं देऊळ," बगळोजीराव म्हणाले. "डावीकडं राजवाडा. देऊळ गेलं."

घोरपडकाका प्रत्येक ठिकाणाकडं पाठ करून स्वतःचा फोटो काढायचे. त्यांनी सगळं कनकपूर पाठीनंच पाहिलं. उरलेला वेळ बगळोजीरावांच्या ओळखीच्या दुकानात गेला. तिथं सगळ्यांनी मोत्यांच्या माळा घेतल्या. तशाच माळा आपल्या जंगलाच्या वेशीवरही मिळायच्या.

"काका, नदी कधी बघायची?" वेणूनं बगळोजीरावांना विचारलं.

"नदी कार्यक्रमात नाही."

"पण ती काय, पुलाखाली दिसतेय."

"दिसतेय ना? मग झाली की बघून!"

शेवटच्या दिवशी पुलापाशी हत्ती थांबला. साळुंकीकाकूंना जरा आडोशाला जायचं होतं. वेणूनं इकडंतिकडं बघितलं आणि टुणकन उडी मारून ती खाली पळाली.

आणि काय सांगू तुम्हाला! होडीला होडी घासत होती. माशांचा आणि गवती चहाचा वास नाकात भरत होता. घासाघीस, शिव्या, हसणं, पोरांची रडारड, सगळं एकदम चाललेलं. वेणू या होडीवरून त्या होडीवर उड्या मारत म्हातारीला शोधत सुटली. एका जुनाट होडीत ती सापडली.

"धोबी पक्ष्यानं निरोप दिलाय," वेणू धापा टाकत म्हणाली. "तो बरा आहे. उडतोय."

म्हातारीचा डाव पातेल्यातच थांबला.

"उडतोय?"

"छान उडतोय."

तिनं तोंड फिरवलं. मग वेणूपुढं एक वाडगा ठेवला. "खा पोरी. आणि त्याला म्हणावं, एकदा इकडून जा. मी अजून इथंच आहे. वाट बघतेय."

वेणूनं वाडगा चाटूनपुसून संपवला. इतकं चविष्ट तिनं जन्मात काही खाल्लं नव्हतं.

ती परतली तेव्हा अख्खी सहल फणफणत होती.

"तुझ्यापायी आमचा मसालेभात गार झाला!" साळुंकीकाकू कडाडल्या. "आणि तिथं काय गिळलंस? सूप? शी, कसल्या पाण्यातलं कोण जाणे!"

जंगलात परतल्यावर रीतसर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पारावर जागा. प्रत्येकानं भाषण केलं आणि प्रत्येकानं मसालेभाताची तारीफ केली. वेणू उठली आणि तिनं नदीबद्दल सांगितलं.

"फोटो?" घोरपडकाकांनी विचारलं.

"काढायचं सुचलंच नाही."

"मग तू नदीवर गेली होतीस कशावरून?"

बगळोजीराव खाकरले. "नदी कार्यक्रमात नव्हती. त्याअर्थी कनकपूरला नदी नाही. पोरीनं खाली उतरावं."

कुणीतरी तिच्या खांद्यावरची शाल ओढायला लागलं. वेणूनं पाराखाली पाहिलं. खालच्यांच्या माना अजून डोलतच होत्या. तिनं शाल घट्ट धरली.

"चुकले," ती म्हणाली. "मसालेभात खरंच फार छान होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

हिवाळा आला, आणि धोबी पक्षीही. वेणू पारावर काका-काकूंच्या मधोमध बसली होती.

"भेटली का गं ती?" त्यानं अधीरपणे विचारलं.

पारावरच्या सगळ्यांनी कान टवकारले.

"कोण ती?"

"पाणमांजर. होडीतली."

वेणूनं शाल सारखी केली. "छे रे! कनकपूरला नदीच नाही."

पक्षी तिच्याकडं बघत राहिला. "मग ती गेली असेल," तो हळूच म्हणाला. "तसं सांगवत नाहीये तुला, होय ना?"

तो उडाला, तो कनकपूरच्या उलट्या दिशेला. पुन्हा कधी त्या जंगलात उतरला नाही.

"आता खरी शोभतेस हो पारावर," साळुंकीकाकू तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या.

तात्पर्य: मुलांनो, जग अवश्य बघावं. फक्त त्यात काय दिसलं ते आधी जाऊन आलेल्यांना विचारून ठरवावं. म्हणजे भात गरम मिळतो आणि शाल खांद्यावर राहते. नदीकाठी एखादी म्हातारी वाट बघत बसली तर बसू द्यावी. ती कुठं कार्यक्रमात होती?