बुधवारचे एकसष्ट पेशंट

दवाखान्याच्या दारावरचा कागद सुनेनं, पूजानं, वाचून दाखवला, तेव्हा मालनबाईंच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तिचं सात महिन्यांचं पोटच आलं. यंदाच्या बजेटात खर्चाला कात्री लागली होती. ज्या दवाखान्यात रोज चाळीसपेक्षा कमी पेशंट येतात, तो एक तारखेपासून बंद. बुधवारी महापालिकेचे साहेब स्वतः दवाखान्यात बसून पेशंट मोजणार होते.

सातपूरच्या कारखान्यांमागच्या त्या वस्तीला हा एकच दवाखाना. पूजाचं बीपी वर-खाली व्हायचं, म्हणून डॉक्टर उज्वला तिला दर सोमवारी बोलवायच्या. दवाखाना बंद झाला तर दोन रिक्षा बदलून मोठ्या हॉस्पिटलात जायचं, आणि तिला न्यायचं म्हणून तिच्या नवऱ्याचा, कंत्राटावर असलेल्या शेखरचा, दर आठवड्याला एक खाडा. खाडे जास्त झाले की कंत्राटदार दुसरा माणूस घेतो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आई, रोज पंधरा-वीसच येतात हो," पूजा म्हणाली. "बंदच होणार."

"असा कसा बंद होतोय? चाळीस माणसं म्हंजे काय लय झाली का? आपल्या नळावर त्याहून जास्त भांडत्यात!"

आणि मालनबाई तडक नळावरच गेल्या. बुधवारी प्रत्येक घरातून एकानं तरी दवाखान्यात यायचं, असं त्यांनी फर्मान काढलं. ते सगळ्यांना पटलंही. फक्त शेजारच्या अक्काबाईंना एक शंका आली.

"पण मला तर काय बी झालेलं नाय. डॉक्टरीणबाईला सांगू काय?"

मालनबाईंना मेसच्या दोनशे चपात्या लाटायच्या होत्या, त्यांना घाई होती. "ताप सांगशील तर थर्मामीटर लावतील. गुडघा सांगशील तर दाबून बघतील. जुलाब सांग. ते कोण तपासायला बसलंय!"

सल्ला सोपा होता, म्हणून तो संध्याकाळपर्यंत घरोघर पोचला.

बुधवारी दवाखान्यापुढं रांग लागली. डॉक्टर उज्वलांना आधी बरं वाटलं. पहिल्या पाचांना त्यांनी हसून गोळ्या दिल्या, पंधराव्याला त्या गंभीर झाल्या आणि तिसाव्याला त्यांचं पेन थांबलं. शेजारी बसलेल्या साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"अहो मॅडम, ही तर साथ आहे!"

तासाभरात वस्तीत दोन जीपगाड्या आणि एक अँब्युलन्स आली. गटारांवर पांढरी पावडर पडली, नळाचं पाणी बाटल्यांत भरलं गेलं, भोंगा ओरडू लागला, "पाणी उकळून प्या!" अक्काबाईंनी पोट धरून वाकण्याचं काम जरा जास्तच मन लावून केलं होतं. त्यांना स्ट्रेचरवर घातलं.

"अरे, मी बरी हाय! मालन, सांग की गं यांना!"

"घाबरू नका आजी," नर्स म्हणाली. "अशक्तपणात माणूस असंच बोलतो."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी मालनबाईंची गत झाली. त्यात दुपारी मेसवाल्याचा फोन आला. "मावशी, तुमच्या वस्तीत साथ आहे म्हणे. आता आठ दिवस चपात्या नको." शेखरलाही कंत्राटदारानं फाटकावरूनच परत पाठवलं. जो खाडा टाळायला हा सगळा खटाटोप केला, तोच घरात येऊन बसला. पूजाचा चेहरा बघून मालनबाईंना स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी त्या दवाखान्यात गेल्या आणि साहेबांपुढं हात जोडून उभ्या राहिल्या.

"साहेब, गुन्हा माझा हाय. एकसष्टातल्या एकालाबी जुलाब नाय. दवाखाना राहावा म्हणून मीच सांगाया लावलं. डॉक्टरीणबाईंची यात काय बी चूक नाय."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडं.

"पाण्याचा रिपोर्ट आलाय, मावशी. तुमच्या नळाला गटाराचं पाणी येतंय. पाइप चार ठिकाणी सडलाय."

"ते आमाला ठावं हाय की. तीन वरसं अर्ज करतोय. तरतूद नाय म्हनत्यात."

"हे पाणी पिऊन कुणी आजारी पडत नाही?"

"पडतं की! दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतं. पण तुमचा दवाखाना उघडतो दहाला अन् मिटतो एकला. त्या टायमाला माणसं कामावर. खाडा करून जुलाबाची गोळी घ्यायला कोण येतंय? सुंठ खायाची अन् कामावर जायाचं."

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. डॉक्टर उज्वला खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

"पाइपाला तरतूद नसते," साहेब अखेर म्हणाले, "पण साथीच्या धोक्याला असते. पाणी दूषित आहे, हे आता लॅबनं लिहून दिलंय. ते तर खोटं नाही ना? त्या एकसष्ट नावांपुढं मी 'लक्षणं आढळली नाहीत' असं लिहितो. आणि पुन्हा असले उद्योग करू नका."

"आईशप्पथ नाय करनार. पन दवाखाना?"

"अशा वस्तीतला दवाखाना बंद करा, म्हणून मी सही करू? वेळ संध्याकाळची करा, असं लिहून पाठवतोय. पुढं वरच्यांच्या मनावर."

वरच्यांच्या मनाला दोन आठवडे लागले. पण नवा पाइप पडला, संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना उघडू लागला, आणि शेखर कामावरून आल्यावर पूजाला स्वतः घेऊन जाऊ लागला. पेशंट रोज साठ-सत्तर. यातलं कुणीच सांगून-सवरून आणलेलं नव्हतं. मेसवाल्यानंही चपात्या पुन्हा सुरू केल्या.

एका संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतला गोटीराम मालनबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. इकडं-तिकडं बघत तो हळूच म्हणाला, "मावशी, आमच्या गल्लीत दोन वरसं झाली, खांबावर दिवा नाय. उद्या सगळे दवाखान्यात जातो. काय होतंय म्हनून सांगू?"

मालनबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं. "खोटं काय बी सांगायचं नाय. अंधारात पडून कुनाचं काय मोडलंय का, ते इचार आधी."

गोटीराम बोटं मोजू लागला. "वहिनीचा पाय. सोमाचा दात. म्हातारीचं कंबरडं. अन् माझं मनगट तर अजून..." एका हाताची बोटं संपली, तसा तो दुसऱ्या हातावर आला.

"बघ," मालनबाई म्हणाल्या, "गरिबाला आजार उसना आनावा लागत नाय. फक्त समद्यांना एकाच दिवशी जावं लागतं."