डेकमधली नागकन्या

घरात रेंज मिळेना म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. बस, एवढंच केलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आदल्या संध्याकाळी 'रणपट'चं नवं एक्स्पान्शन आलं होतं. ज्यांना माहीत नाही (म्हणजे आमचं अख्खं पाणीपुरवठा ऑफिस) त्यांच्यासाठी सांगतो. रणपट हा मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ. राणी, राक्षस, हत्ती असले पत्ते जमवायचे, त्यांचा आपला डेक बांधायचा आणि समोरच्याला लोळवायचं. कंपनी मधूनच नवे पत्ते सोडते, ते एक्स्पान्शन. त्या दिवशी कालपर्यंतचे अजिंक्य डेक रद्दीत जातात आणि चाळिशीतली पोट सुटलेली माणसं आनंदानं उड्या मारतात. (एक तर मारतोच.)

त्यात रविवारी सातारा विरुद्ध सांगली अशी ऑनलाइन फायनल! साताऱ्याकडून अस्मादिक. सांगलीकडून 'हळदीचा वाघ' या नावानं खेळणारा कुणी भयंकर गृहस्थ.

गॅलरीतून मी कोरेगावच्या साईराजला फोन लावला. आमच्या रणपटच्या ग्रुपमधला हा माझा सल्लागार.

"डेक झाला का, जयराज?"

"झाला! म्हातारी राणी काढून टाकली."

"काय सांगतोस! इतकी वर्षं सांभाळलीस की रं तिला!"

"सांभाळली. पण आता दम नाही राहिला तिच्यात, नुसती जागा अडवते. नवी नागकन्या आणलीय. काय दिसते गड्या! एकदा बाहेर आली की समोरचा गारच!"

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे माझ्या सासूबाई, अंबूबाई, मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या, हे मला काय माहीत? चार दिवस राहायला म्हणून त्या आटपाडीहून आल्या होत्या. त्या तशाच उठून स्वयंपाकघरात बायकोकडे गेल्या. (हा संवाद मला नंतर कळला.)

"क्रांते, तुज्या नवऱ्यानं कोन नागकन्या आणलीया म्हनं!"

"ती होय? कालपासून डोकं उठवलंय तिनं. रात्री उशाशी घेऊनच झोपले."

"आन तू गप ऱ्हायलीस?"

"आई, दर तीन-चार महिन्यांनी नवी येते. चार दिवस वेडे होतात, मग उतरतं. मी सवय करून घेतलीय."

अंबूबाई मटकन खाली बसल्या. सावरल्यावर त्यांनी आटपाडीला सासऱ्यांना फोन लावला.

रविवारी दुपारी क्रांती दवाखान्यात ड्युटीवर होती. ती नर्स आहे. घरच्या वाय-फायवर चाललेल्या फायनलमध्ये एक डाव वाघानं मारला, एक मी. तिसरा निर्णायक! माझा जीव टांगणीला आणि नेमके तेव्हाच सासरे हजर! आबा, म्हणजे आकाराम सुभेदार, सैन्यातून रिटायर्ड, हातात काठी.

"जावईबापू, कुटं हाय ती?"

आबांनाही नागकन्येबद्दल उत्सुकता! मला भरूनच आलं. स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, "अजून आली नाही, आबा. पण येणार! सगळी भिस्त तिच्यावरच आहे."

"हितं येनार? घरात?"

"येऊ तर दे! तुम्हीसुद्धा नाचायला लागाल!"

आबांचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. "अंबू, तू म्होरलं दार धर. मी मागलं बगतो."

मग कपाटं उघडल्याचे, पलंग सरकवल्याचे आवाज आले. आबांचा चष्मा हरवला असावा, असं मला वाटलं. इकडे वाघानं तीन हत्ती अंगावर सोडले होते. माझा किल्ला ढासळत आलेला, पुढचा पत्ता हाच शेवटचा. डोळे मिटले, पत्ता ओढला.

"आली!" मी सोफ्यावर उभा राहून किंचाळलो. "आली, आली!"

त्याच क्षणी दाराची कडी वाजली. अंबूबाईंनी दार उघडलं आणि आत शिरणाऱ्या मास्कवाल्या बाईचा अंबाडाच धरला. "घावली! सटवे, माज्या लेकीचा संसार मोडतीस व्हय?"

"आई! अगं, मी आहे! क्रांती!"

बाथरूममधून काठी उगारून आबा धावत आले. मी नागकन्या टाकली. तीनही हत्ती जागच्या जागी गार!

"जिंकलो!" म्हणत मी सोफ्यावरून जी उडी मारली, ती थेट आबांच्या गळ्यात.

क्रांतीनं अंबाडा नीट केला, सगळा प्रकार ऐकला आणि हसून हसून भिंतीला टेकली. मी आबांपुढे मोबाईल धरला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"हिला शेपूट हाय."

"होय, आबा."

"आन रंगानं हिरवी."

"होय."

आबांनी काठी कोपऱ्यात ठेवली. अंबूबाई तोंडाला पदर लावून चहा टाकायला गेल्या. ग्रुपवर माझ्या नावाचा जयघोष चालला होता. अख्खा सातारा (म्हणजे ग्रुपमधली अकरा माणसं) मला डोक्यावर घेत होता. एवढ्यात आबांनी आटपाडीला फोन लावला. तिकडे भावकी जीप चालू करून बसली होती.

"जीप बंद करा रं. बाईचं लफडं न्हाई त्याचं." आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्याला कोन बगनार! निस्ता जुगारी हाय."