अस्सल झोपडी

“धूर लई होऊन राहिला बुवा इथं,” वनपाल अमरेश साहेब डोळे चोळत कुरकुरले.

केवळाबाईनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. घर पाडायला आला असला तरी दारात आलेला माणूस पाहुणाच. चहा झाला की झोपडी पाडायची, असं रीतसर ठरलं होतं.

हिमायतनगरकडच्या डोंगरातली ही आंध आदिवासींची वाडी कार्यालयाच्या लेखी नव्हतीच. केवळाबाईच्या नवऱ्याचा, सटवाजीचा, वनहक्काचा दावा ‘वास्तव्याचा पुरावा नाही’ म्हणून फेटाळला गेला होता. नसलेली वाडी हटवायला जेसीबी आणि गाडीभर पोलीस आले होते. वाडीतली माणसं जेसीबीपुढं ठाण मांडून बसली होती.

जेसीबी मात्र त्यांच्यामुळं अडला नव्हता. तो मोजमाप घ्यायला येणाऱ्या लातूरच्या रूपाली मॅडमची वाट पाहत होता. मोकळ्या होणाऱ्या जागेवर ‘आदिवासी जीवनदर्शन केंद्र’ मंजूर होतं. त्यात हुबेहूब अशीच झोपडी उभारायची असल्यानं मूळ झोपडी मोजमापाआधी पाडणं नियमबाह्य ठरलं असतं.

मॅडम आल्या. कुडाच्या भिंतीवरून त्यांनी मायेनं हात फिरवला. “अगदी अस्सल! कुणी बांधली?”

“माझ्या आज्यानं,” सटवाजी म्हणाला.

“म्हणजे शंभर वर्षं धरू. फलकावर लिहू.”

सटवाजी हरखला. “साहेब, घ्या लिवून! झाला की पुरावा!”

“तो सांस्कृतिक पुरावा,” अमरेश साहेबांनी चहा फुंकत समजावलं. “महसुली वेगळा. संस्कृती म्हणून तुम्ही शंभर वर्षं हाव. माणूस म्हणून गेल्या साली घुसलाव.”

केवळाबाई उठली आणि उंबऱ्यात बसली. “पाडा आता. मी हालत न्हाई.”

मॅडमनी दोन पावलं मागं जाऊन फोटो काढला. “हे बसणं छान दिसतं. हेही ठेवू. रोज चारला आंदोलन, मग पाहुण्यांना चहा. मावशी, तुम्हालाच घेऊ कामाला. साडी केंद्राची. छप्पर फायबरचं, चुलीत लाल बल्ब. धुराचा त्रास नाही.”

“आन् झोपायचं कुठं?”

“केंद्र पाचला बंद,” साहेब म्हणाले. “त्यानंतर आत सापडलं की अतिक्रमण.”

केवळाबाईनं थोडा विचार केला.

“बाई, घर हाय तसंच करायलीस. मलाबी त्यातच बसवायलीस. मग हेच राहू दे की. लोकायनी यावं, बघावं. मी भाकर घालीन समद्यायला.”

साहेबांनी रिकाम्या कपात पाहिलं. पोलीस डोंगराकडं पाहू लागले. मॅडमनी टेप गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

“मावशी, तसं नाही चालत,” शेवटी त्या हळूच म्हणाल्या. “नांदेड-लातूरची चांगल्या घरची माणसं येणार, लेकरंबाळं घेऊन, तिकीट काढून. त्यांना तुमचं सगळं आवडतं हो. घर, भाकरी, गाणी, सगळं. फक्त तुम्ही अजून इथंच आहात, तेवढं आवडत नाही.”