चांगले जंतू

सूनबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं, की त्यांचं ओव्याचं तेल फक्त वाईट जंतू मारतं. चांगल्या जंतूंच्या केसालाही धक्का लावत नाही! त्यातला थायमॉल हा घटक म्हणजे सज्जनांना हात जोडणारा आणि दुर्जनांना झोडणारा फौजदारच. पुरावा? प्रयोगशाळेत सासूबाईंच्या विरजणातले जंतू तेलात भिजवलेल्या कागदाच्या चकतीला अगदी खेटून वाढले होते. याच शोधावर त्यांना डॉक्टरेट मिळायची होती. परीक्षक आठवड्याने येणार होते.

त्याच विश्वासाने त्यांनी दह्याचं भांडं आतून दोन थेंबांनी पुसून लखलखीत केलं.

सकाळी दुधाचं दूधच. सासूबाईंनी आधी थंडीला बोल लावला, मग झाकण उघडून बघणाऱ्या सासऱ्यांना. उरलंसुरलं विरजण त्यांनी त्याच भांड्यात पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशीही दूध ढिम्म! सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने दिलेलं ते विरजण चौतीस वर्षांत एक दिवसही खंडलं नव्हतं. त्यांनी भांडं सासऱ्यांपुढे आदळलं.

सासऱ्यांनी भांडं हुंगलं. "दुधाला ओव्याचा वास कसा गं येतोय?"

सूनबाईंनीही भांडं नाकाशी नेलं. आणि मग त्यांना प्रयोगशाळेतली ती दुपार आठवली. चकत्या तेलात भिजवून, उघड्याच ठेवून त्या डबा खायला गेल्या होत्या. मैत्रिणीच्या बदलीचं पुराण तासभर रंगलं होतं. तेवढ्यात तेल केव्हाच उडून गेलं असणार! विरजणाचे जंतू वाढले ते कोऱ्या कागदाशेजारी. म्हणजे इकडे विरजण गेलं आणि तिकडे प्रबंधाचं अख्खं प्रकरण.

रडवेल्या होऊन त्यांनी सगळं कबूल केलं. सासूबाईंनी ते भांडं बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "तिकडे प्रयोगशाळेत नेलेलं विरजण सगळं संपवलंस?"

"नाही आई. एक चमचा बाटलीत आहे. तिथल्या फ्रीजमध्ये. तिला तेल लागलेलं नाही."

"मग बसलीस काय? ऊठ."

नव्या भांड्यात रात्रभरात दही लागलं, सुरी फिरवावी असं घट्ट. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी मात्र हे ऐकून ते प्रकरण खोडून परीक्षा सहा महिने पुढे ढकलली.

मन राखायला सूनबाई दह्याचं रिकामं भांडं घासायला उचलू लागताच सासूबाईंनी ते अलगद काढून घेतलं.

"डॉक्टर होईपर्यंत याला हात लावायचा नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि झाल्यावर तर मुळीच नाही."