मुका खण

मिस्त्रींची फुशारकी सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती. "माझ्या हातचा खण उघडला, तर त्याच्यावर झोपलेल्या मांजराचा कानसुद्धा हलणार नाही!"

आणि ते खरंच होतं. त्यांच्या कारखान्यात वाकडं असं काही टिकत नसे, एक त्यांचं नाक सोडून. त्याच्या आतला कललेला पडदाही गेल्या वर्षी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ओळंब्यात आणला. "जन्मभर एका नाकपुडीवर संसार केला, आता दोघी कामावर आल्या!" असं मिस्त्री खुशीत सांगत. कुरकुर एवढीच, की तेव्हापासून नाक आतून कोरडं पडायचं, उन्हात विसरलेल्या फडक्यासारखं. त्यासाठी दिलेली मलमाची ट्यूब खिशात पेन्सिलीशेजारी कायम असायची.

त्या सकाळी शाळेच्या मोठ्या बाई आपलं खणांचं कपाट बघायला येणार होत्या. अट एकच, खण बिनआवाजी हवेत. "आमच्या ह्यांची झोप फार सावध, मिस्त्री. जरा खुट्ट झालं की उठतात, आणि उठले की बोलत बसतात!" कपाट पसंत पडलं, तर शाळेचं सगळं लाकूडकाम मिस्त्रींना मिळणार होतं.

बाई यायच्या आधी मिस्त्रींनी वरचा खण ऐटीत ओढला.

सुंईऽऽ!

मिस्त्री चपापले. खणाच्या पट्ट्यांना मेण चोळलं. पुन्हा ओढला. सुंईऽऽ! मेण संपलं. दुकानं उघडायला अवकाश होता. हात आपसूक खिशात गेला. मलमच ते, बुळबुळीत! नाकाला चालतं, मग लाकडाला काय धाड भरली?

नाकाचा सकाळचा वाटा पट्ट्यांना गेला. खण अलगद सरकला आणि... सुंईऽऽ! उलट सूर चढाच लागला! मग दुपारचा वाटा गेला, रात्रीचा गेला. मिस्त्री धापा टाकत ओढत होते आणि कपाट किटलीसारखं शिट्या मारत होतं. शेवटी त्यांनी ट्यूब रंध्याखाली दाबून सपाट केली.

तेवढ्यात बाई दारात!

"काय वाजतंय हो?"

"कुठे काय?" मिस्त्री हसले. सुंईऽऽ!

"खणाचाच आवाज ना हा?"

"नवं लाकूड आहे, बाई. जरा लाजतंय." सुंईऽऽ!

"मिस्त्री, खणाला अजून कुणी हातही लावलेला नाही!"

चहा घेऊन आलेल्या मिस्त्रीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, नाक वाजतंय तुमचं! सकाळी मलम लावलंत का?"

"लावलं की."

"कुठे?"

मिस्त्रींनी कपाटाकडे बघितलं.

मिस्त्रीणबाईंनी बशी खाली ठेवली आणि नवऱ्याचं नाक चिमटीत धरलं. "ओढा आता, बाई."

खण बाहेर आला. आत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. रंध्यावरून भुशाचा कण पडला असता, तर त्याचा आवाज जास्त झाला असता!

"वा!" बाई खूश झाल्या. "कपाट पसंत. शाळेचं कामही तुमचंच."

"धद्यवाद, बाई!" चिमटीतून मिस्त्री कृतार्थ होऊन म्हणाले.

बाई निघाल्या. दारात थांबून वळल्या.

"फक्त घरी कपाट बसवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आमचे हे झोपलेले असतात."