गॅलाबिन शाळेचं दहावं मूल

डिटेक्टिव्ह मर्व्ह टेनबी म्हणजे साक्षात मीच. उभा जन्म मेंढ्यांच्या लोकरीचा दर्जा हाताने ओळखण्यात गेला. निवृत्तीनंतर माणसांची पारख करतो. मेंढ्यांनी कधी तक्रार केली नाही. माणसं करतात, पण ते त्यांचं अज्ञान.

त्या सकाळी गॅलाबिनच्या शाळेत मुलांची मोजणी होती. पटावर दहा मुलं: पाच ओकली भावंडं, चार मेंढ्यांच्या फार्मवरची आणि पोस्टातल्या बाईंची टिली. एक जरी कमी भरलं, तर शाळा बंद आणि पोरांना रोज दोन तास बसचे धक्के. म्हणून मी पहाऱ्याला आलो. आलो तोच फाटकाच्या खांबावर बेवारस टोपी दिसली, आत 'टिली' लिहिलेली. पुरावा म्हणून पिशवीत टाकली.

घंटेआधीच मोजणीसाठी शिक्षण खात्याचे साहेब आले. मैदानात खेळणारी मुलं त्यांनी मोजली. नऊ. टिली नव्हती.

"अपहरण," मी म्हणालो. "शेजारच्या शाळेनं पळवली. त्यांचाही पट घसरलाय."

"ती शाळा ऐंशी किलोमीटरवर आहे, मर्व्ह," नोला म्हणाली. नोला माझी बायको आणि सहायक. यातलं दुसरं तिला मान्य नाही.

"मग एमूनं नेली."

"एमू काय करणार तिचं? गृहपाठ?"

ओढा पालथा घातला. "हरवलेल्या टिली, ओ दे," अशा हाका मारून माझा घसा बसला. साहेब घड्याळ बघू लागले. मुख्याध्यापिका पिकेटबाई डोळे पुसायला लागल्या.

तेवढ्यात धाकट्या ओकलीनं साहेबांची बाही ओढली.

"तुम्हाला टोपी नाही. टोपी नसेल तर उन्हात थांबायचं नाही. टाकीमागच्या शेडमध्ये गप्प बसायचं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा नाइलाज होता, नियम त्यांचाच. त्यांच्या धाकानं टोपी विसरणारं मूलच उरलं नव्हतं, त्यामुळे त्या शेडची कुणाला आठवणही नव्हती. साहेब मुकाट्यानं गेले.

"बाई," शेडमधून आवाज आला, "इथे एक आहे."

बाकावर टिली हाताची घडी घालून बसली होती.

"अगं, इतक्या हाका मारल्या," मी म्हणालो.

"हरवलेल्या टिलीला मारत होतात, मर्व्हकाका. मी कुठे हरवले होते? फाटकाची कडी लावायला टोपी खांबावर ठेवली आणि बूट बांधायला वाकले. वर बघते तर टोपी गायब."

साहेबांनी दहाचा आकडा लिहिला. पिकेटबाई आता उघड उघड रडल्या.

"केस सुटली," मी म्हणालो.

"चोरही सापडला," म्हणत नोलानं माझ्या पिशवीतून टोपी काढून टिलीला दिली. मग माझ्या डोक्यावरची काढून साहेबांना दिली. त्यांना अजून मैदान बघायचं होतं.

मी शेडमध्ये जाऊन बसलो. नियम आहे.